सॅक्सोफोन श्वास घेतो तेव्हा ड्रमर काय करतो?

छोटा क्लब, बुटकं स्टेज आणि माझी खुर्ची ड्रमसेटला जवळजवळ खेटून. इतकी जवळ, की ड्रमरच्या डाव्या हातातली काठी स्नेअरवर, म्हणजे मधल्या करकरीत ड्रमवर, पडण्याआधी हवेत क्षणभर थबकते तेही दिसत होतं. टेनर सॅक्सोफोन वाजवणारी बाई माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिने एक लांबलचक ओळ वाजवली, वरच्या स्वरांतून भराभर खाली उतरली आणि शेवटचा स्वर न वाजवताच थांबली. खांदे उचलले गेले. श्वास. अर्धा सेकंदही लागला नसेल. तेवढ्यात ड्रमरने स्नेअरवर दोन हलके ठोके दिले आणि पायाने बेस ड्रमवर एक, आणि तो एक ठोका नेमका तिथे पडला जिथे तिचा न वाजलेला स्वर यायला हवा होता. तिने मान वळवली नाही. पण पुढची ओळ तिने त्याच ठोक्यांवर उचलली. टक्-टक्, धुम्. आता तेच सॅक्सोफोनमधून येत होतं.

यातलं काहीही आधी ठरलेलं नव्हतं. ती कुठे थांबणार हे तिलाही दोन सेकंद आधी माहीत नसेल. मग ड्रमरला कसं कळलं? आणि पाठमोरी असलेल्या तिने ते तीन ठोके टिपले कसे? जॅझ पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे एक तर जादू वाटतं किंवा गोंधळ. मला ते बरीच वर्षं गोंधळच वाटायचं. सॅक्सोफोन आपला सोलो वाजवतोय आणि मागे ड्रमर मनाला येईल तिथे काहीतरी आपटतोय, असं. हळूहळू कळलं, की ते आपटणं मनाला येईल तिथे नसतं, आणि ते कुठे पडतं याकडे लक्ष गेलं की सॅक्सोफोनचा सोलोसुद्धा वेगळाच ऐकू यायला लागतो.

जॅझ म्हणजे वादकांमधला संवाद, असं नेहमी सांगितलं जातं. चूक नाही, पण त्यातून एक घोटाळा होतो. संवादात एक जण बोलतो तेव्हा दुसरा गप्प असतो. इथे सॅक्सोफोनवादक आणि ड्रमर बहुतेक सगळा वेळ एकदमच बोलत असतात. आपण दोघं एकदम बोलायला लागलो तर कुणालाच काही कळत नाही. या दोघांना कळतं, कारण दोघांच्या डोक्यात एक तिसरी गोष्ट सतत चालू असते आणि ती कुणीच मोठ्याने वाजवत नाही. ती म्हणजे आवर्तन.

मराठी वाचकाला हा शब्द नवा नाही. जॅझमध्ये चार मात्रांचा एक बार असतो. ब्लूजचं नेहमीचं आवर्तन १२ बारचं, म्हणजे ४८ मात्रांचं. बाकीच्या असंख्य चाली ३२ बारच्या, म्हणजे १२८ मात्रांच्या असतात. त्यात आठ-आठ बारचे चार भाग. पहिला, दुसरा आणि चौथा भाग साधारण सारखा आणि तिसरा वेगळा, अशी रचना फार आढळते. मिनिटाला २०० मात्रांच्या चालीत असं एक आवर्तन अडतीसेक सेकंदांत पुरं होतं. याला वादक ‘कोरस’ म्हणतात. सोलो म्हणजे एकामागून एक कोरस. प्रत्येक बारच्या कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरसमूह, ठरलेल्या असतात, त्यामुळे सॅक्सोफोनवादक कितीही दूर भटकला तरी आपण सतराव्या बारमध्ये आहोत की पंचविसाव्या, हे त्याला ठाऊक असतं. ड्रमरलाही ठाऊक असतं. चांगला ड्रमर मनातल्या मनात मूळ चाल गुणगुणत वाजवतो.

आता एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण ठेक्याची सवय असलेला कान इथेच फसतो. तबल्याच्या ठेक्यात आवर्तनाचा पत्ता लिहिलेला असतो. बोल ऐकले की सम कुठे, खाली कुठे, हे सांगता येतं. जॅझच्या ड्रमरचा मूळ ठेका असा पत्ता देत नाही. उजव्या हाताने मोठ्या झांजेवर, म्हणजे राइड सिंबलवर, डिंग, डिंग-अ-डिंग, डिंग-अ-डिंग असं चालू असतं आणि ते पहिल्या बारमध्ये जसं तसंच एकतिसाव्या बारमध्ये. डाव्या पायाने हाय-हॅट (एकमेकांवर मिटणाऱ्या दोन झांजा) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटतं: च्यक्. झालं. लय आहे, वजन आहे, पण आपण कुठे आहोत हे त्यातून कळत नाही. ते पियानोच्या कॉर्डमधून कळतं, बेसच्या, म्हणजे मोठ्या उभ्या तंतुवाद्याच्या, चालीतून कळतं आणि वादकांच्या डोक्यात असतं. म्हणून तर ड्रमरचे उरलेले दोन अवयव, डावा हात आणि उजवा पाय, मोकळे राहतात. बोलणं होतं ते या दोघांतून.

ही वाटणी पहिल्यापासून नव्हती. १९३० च्या दशकातल्या नाचाच्या बँडमध्ये ड्रमरचा उजवा पाय बेस ड्रमवर चारही मात्रा ठोकत असायचा. पाय तिथे बांधलेला, म्हणजे लय सगळ्यांच्या पायाखाली पक्की. ड्रमर केनी क्लार्क यांनी ती लय वरच्या झांजेवर नेली. काही चालींचा वेग इतका असायचा की पायाने चारही मात्रा मारत राहणं अशक्य होतं, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. पाय मोकळा झाला आणि ते तो अधूनमधून, अनपेक्षित जागी वापरायला लागले. या ठोक्यांना वादक ‘बॉम्ब’ म्हणायला लागले, यावरून ते ऐकणाऱ्यांना कसे वाटले असतील याची कल्पना येते. सगळ्यांना ते रुचले नाहीत. टेडी हिल यांच्या बँडमधली क्लार्क यांची जागा याच वाजवण्यापायी गेली. आणि त्याच हिल यांनी १९४०-४१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये क्लार्क यांना बोलावून घेतलं. बीबॉप ही वेगवान, गुंतागुंतीची जॅझ शैली घडली ती अशा रात्रींमधून. चार्ली पार्कर यांच्या सॅक्सोफोनच्या तुटक, वळणावळणाच्या ओळींना असाच ड्रमर हवा होता, ज्याचा एक हात आणि एक पाय उत्तर द्यायला मोकळा असेल. ड्रमर मॅक्स रोच यांनी ते काम पुढे कुठल्या कुठे नेलं.

आता श्वासाकडे येऊ. सगळ्या गोष्टीचं मूळ माझ्या मते तिथे आहे. पियानोवाल्याला श्वासासाठी थांबावं लागत नाही. सॅक्सोफोनवाल्याला थांबावंच लागतं. त्यामुळे त्याचं वाजवणं आपोआप वाक्यांत तुटतं, आणि वाक्य म्हटलं की शेवट जवळ आल्याची चाहूल लागते. आवाज किंचित पडतो, ओळ खाली वळते, किंवा उलट, एखादा स्वर लांबवला जातो. रोज अशी वाक्यं ऐकणाऱ्या ड्रमरला शेवट येतोय हे शेवट येण्याआधीच कळतं, जसं समोरच्याचं वाक्य संपत आलंय हे आपल्याला त्याच्या सुरावरूनच कळतं. श्वासाची फट दिसली की ड्रमरपुढे प्रश्न उभा राहतो: इथे काही भरायचं की नाही?

नवखा ड्रमर प्रत्येक फट भरतो. दोन मिनिटांत ऐकणारा थकतो आणि सॅक्सोफोनवाला त्याहून आधी. बोलता बोलता समोरचा दर वाक्याला “हो हो, अगदी बरोबर” म्हणत राहिला तर जसं होईल तसं. जाणता ड्रमर पाच फटी सोडून देतो आणि सहावीत बोलतो. आणि काही वेळा तो फट भरतच नाही. वाक्य चालू असतानाच मधल्या एका स्वराखाली बेस ड्रमचा ठोका देतो, तेवढ्याने तो स्वर अधोरेखित होतो. सॅक्सोफोनवाल्याने तो स्वर सहज वाजवलेला असतो. ठोका पडल्यावर त्यालाच वाटतं, अरे, हा महत्त्वाचा होता तर. मग तो परत तिथे येतो. अशा वेळी सोलो नक्की कोण रचतंय, हे सांगणं अवघड.

इथे लयीचीही एक गंमत आहे, जी मला समजायला फार वेळ लागला. आपल्याला वाटतं की दोघं नेमके एकाच क्षणी मात्रा धरत असतील. तसं नसतं. बरेच सॅक्सोफोनवादक मात्रेच्या किंचित मागे रेलून वाजवतात. टेनरवादक डेक्स्टर गॉर्डन यांची तर ती ओळखच होती. स्वर इतका आरामात येतो की आता उशीर होतोय असं वाटावं. ड्रमरची झांज मात्र मात्रेवर किंवा केसभर पुढे. दोघांमधल्या त्या बारीक अंतरातून जो ताण तयार होतो, त्यामुळे पाय हलायला लागतो. आता समजा, ड्रमर भला माणूस आहे आणि सॅक्सोफोन मागे पडतोय असं वाटून त्याच्यासाठी थोडा थांबला. मग सॅक्सोफोनवाला, ज्याला मागेच राहायचंय, आणखी मागे जाणार. ड्रमर परत थांबणार. मिनिटाभरात अख्खी चाल ढेपाळते. म्हणून ड्रमरला ऐकायचं सगळं असतं, पण झांजेवरच्या हाताने त्यातल्या काही गोष्टींना मुळीच बधायचं नसतं. डाव्या हाताने उत्तर द्यायचं आणि उजव्या हाताने आपलं म्हणणं सोडायचं नाही. एकाच माणसाने हे दोन्ही करायचं, यातच या वाद्याची खरी अवघड जागा आहे.

एक उदाहरण सावकाश बघू. सॅक्सोफोनवाल्याने तीन मात्रांचा एक तुकडा पकडला आणि तो परत परत वाजवायला सुरुवात केली. ठेका चारचा, तुकडा तीनचा. पहिला तुकडा पहिल्या मात्रेला सुरू झाला, दुसरा चौथीला, तिसरा पुढच्या बारच्या तिसरीला. बारा मात्रांनी, म्हणजे बरोबर तीन बारांनी, दोन्ही परत एकत्र येणार. तिहाईची ओढ ज्याने अनुभवली आहे त्याला हा प्रकार लगेच जाणवेल: आता कुठे येऊन पडणार? ड्रमर इथे तीनपैकी काहीही करू शकतो. तो सॅक्सोफोनबरोबर तीन-तीनमध्ये शिरला तर क्षणभर सगळी लयच बदलल्यासारखी वाटते आणि अंगावर काटा येतो. तो हाय-हॅट दोन-चारवर घट्ट धरून राहिला तर ताण वाढत जातो, कारण आता कानाला दोन्ही धागे एकदम ऐकू येतात. किंवा तो पहिले दोन तुकडे नुसता ऐकतो, तिसऱ्याला डाव्या हाताने स्पर्श करतो आणि चौथ्याच्या शेवटी झांजेवर दणका देऊन दोघांनाही पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर आणून सोडतो. यातलं बरोबर कुठलं? त्या रात्री, त्या कोरसला, जे आधीच्या कोरसमध्ये केलं नव्हतं ते. हे सगळं ठरवायला मिळतात दोन-तीन सेकंद, म्हणून ते विचार करून होतच नाही. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून ते हातात उतरलेलं असतं.

जिथे खरोखरच पाळीपाळीने बोललं जातं तो प्रकार म्हणजे ‘ट्रेडिंग फोर्स’. सगळ्यांचे सोलो झाले की सॅक्सोफोन चार बार वाजवतो, मग ड्रमर एकटा चार बार, परत सॅक्सोफोन. सोळा मात्रा तुझ्या, सोळा माझ्या. सवाल-जवाब म्हणून ऐकायला हा सगळ्यात सोपा भाग, आणि टाळ्याही इथेच पडतात. पण कान द्यायचा तो सांध्यावर. सॅक्सोफोनच्या चौथ्या बारमध्ये शेवटचे तीन-चार स्वर कोणत्या लयीत पडले ते लक्षात ठेवा आणि ड्रमरच्या पहिल्या बारमध्ये ते शोधा. पुष्कळदा सापडतात. तीच लय स्नेअरवरून टॉमटॉमवर, म्हणजे जाड आवाजाच्या ड्रमवर, उतरलेली, एखादा ठोका गाळलेला, किंवा अर्ध्या मात्रेने सरकवलेली. आणि लक्षात घ्या, ड्रमर एकटा वाजवत असतो तेव्हाही आवर्तन थांबलेलं नसतं. बेस गप्प, पियानो गप्प, तरी मनात कॉर्ड सरकत असतात. ड्रमरने आपले चार बार कितीही गुंतागुंतीचे केले, पहिली मात्रा कुठेच न दाखवता सोडून दिली, तरी सॅक्सोफोन सतराव्या मात्रेला बिनचूक आत येतो. कधी कधी ड्रमर मुद्दाम फसवायला बघतो. त्यात प्रेम असतं, आणि समोरच्यावर पूर्ण भरवसाही.

पियानो काढून घेतला की हे नातं उघडं पडतं. पियानो दर एक-दोन बारला कॉर्ड वाजवून पत्ता सांगत असतो. तो गेला की सॅक्सोफोन मोकळा होतो आणि ड्रमरची जबाबदारी वाढते. टेनर सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांनी हे १९५७ मध्ये केलं. ३ नोव्हेंबरला, रविवारी, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये, टेनर, बेस आणि ड्रम, बस. दुपारी एक जोडी साथीला होती, रात्री दुसरी: बेसवर विल्बर वेअर आणि ड्रमवर एल्विन जोन्स. ते ध्वनिमुद्रण आजही सहज मिळतं. तिथे ऐकण्यासारखं हे, की रोलिन्स चालीचा एक छोटा तुकडा घेऊन त्याला उलटसुलट करत बसतात आणि जोन्स त्या तुकड्याची फक्त लय उचलून खालून परत करतात. मध्ये कॉर्डची भिंत नसल्यामुळे हे देणंघेणं उघड्यावर घडतं. आठ-आठ बारचा भाग संपत आला की जोन्स यांचा आवाज थोडा भरून येतो. पत्ता सांगायचं काम आता त्यांनीही अंगावर घेतलंय, ते असं.

त्याच्या आदल्या वर्षी, २२ जून १९५६ ला, रोलिन्स यांनी मॅक्स रोच यांच्यासोबत स्टुडिओत एक ब्लूज वाजवला होता, ‘ब्लू सेव्हन’. लाइव्ह नाही, तरी इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोलिन्स त्यात मोजक्या तुकड्यांतून अख्खा सोलो उभा करतात. मग रोच यांचा ड्रम सोलो येतो आणि तोही तसाच, दोन-तीन कल्पना घेऊन त्याच फुलवत नेलेला. सॅक्सोफोनने केवळ सूर दिले नव्हते, विचार करायची एक रीत दिली होती, आणि ड्रमने ती उचलली. साथ देणं म्हणजे समोरच्याने वाजवलेलं परत वाजवणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ऐकावं.

मग येते ती जोडी जिच्याबद्दल मला तटस्थपणे लिहिता येत नाही: टेनरवादक जॉन कोल्ट्रेन आणि ड्रमर एल्विन जोन्स. १९६० ते १९६५ ही त्यांची वर्षं. जोन्स यांचं वेगळेपण एका वाक्यात सांगायचं तर ते एका मात्रेची तीन शकलं करून ती चारही हातापायांत वाटून टाकायचे. त्यामुळे लय ‘एक-दोन-तीन-चार’ अशी सरळ रेषेत न जाता गरगरत राहते, आणि बार कुठे संपला हे सांगणारा ठोका हमखास तिथे नसतो. वाक्य बारच्या सीमेवरून पलीकडे ओघळतं. कोल्ट्रेन यांच्या न संपणाऱ्या ओळींना अशीच जमीन हवी होती. दुसरा एखादा ड्रमर दर चार बारला ‘इथे आलो’ म्हणून झांज वाजवत राहिला असता तर त्या ओळी कापल्या गेल्या असत्या.

२६ मार्च १९६५ ची न्यूयॉर्कच्या हाफ नोट क्लबमधली या दोघांची एक रात्र रेडिओवरून प्रसारित झाली होती. ‘वन डाउन, वन अप’ ही रचना तिथे सत्तावीस मिनिटांच्या वर चालते. आधी पियानो थांबतो. काही वेळाने बेसही थांबतो. आणि मग बराच वेळ फक्त टेनर आणि ड्रम. पहिल्यांदा ऐकताना मला तो आवाजाचा नुसता लोंढा वाटला. कितव्यांदा तरी ऐकताना लक्ष जोन्स यांच्या हाय-हॅटवर गेलं आणि लोंढ्याखालचा तळ दिसायला लागला. कोल्ट्रेन एखादा छोटा तुकडा पकडून त्याला घासूनपुसून बघतात. जोन्स तो तुकडा मागे वाजवत नाहीत. त्याच्या खाली एक लांब उंचवटा बांधायला घेतात, आणि कोल्ट्रेन तुकडा सोडून वरच्या सप्तकात जातात तेव्हा झांजा तिथे आधीच पोचलेल्या असतात. कोण कुणाला वर नेतंय, हे मी पुष्कळ वेळा शोधून पाहिलं. कधी एक, कधी दुसरा, आणि बहुतेक वेळा सांगता येत नाही.

आवाजाच्या पातळीवरही एक साधी, पण फार महत्त्वाची गोष्ट इथे घडते. टेनर सॅक्सोफोनचे सर्वांत खालचे स्वर १०४ हर्ट्झच्या आसपासचे असतात, आणि टॉमटॉमचा आवाजही त्याच भागात गुमतो. सॅक्सोफोन खाली उतरला असताना ड्रमर टॉमटॉमवर राहिला तर दोघंही मळकट ऐकू येतात. म्हणून सॅक्सोफोन खाली आला की ड्रमर वर झांजेकडे सरकतो, आणि सॅक्सोफोन वर किंचाळायला लागला की खालची मोकळी जागा टॉमटॉमने भरून काढतो. मंद चालीत काठ्या ठेवून ब्रश हातात घेतले जातात. तारांचे ते झुपके स्नेअरवर गोल फिरवले की सॅक्सोफोनमधल्या फुंकरीचा, हवेचा आवाजसुद्धा ऐकू येतो. एखाद्या कोरसनंतर ड्रमरने ब्रश ठेवून काठ्या उचलल्या तर ती सॅक्सोफोनवाल्याला सरळ सूचना असते: चल, आता निघू या.

कधी कधी मात्र मदत न करणं हीच मदत. ड्रमर टोनी विल्यम्स सतराव्या वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या बँडमध्ये आले. डिसेंबर १९६५ मध्ये शिकागोच्या प्लग्ड निकेल क्लबमध्ये त्या बँडने दोन रात्रींत सात सेट वाजवले. तेव्हा विल्यम्स यांनी नुकतीच विशी गाठली होती आणि सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर होते. एव्हाना पाचही जण एकमेकांना इतके ओळखून होते की उत्तरं ठरल्यासारखी यायला लागली होती. पियानोवादक हर्बी हॅन्कॉक यांनी सांगितलं आहे, की तिथे जाताना विल्यम्स यांनी सुचवलं: समोरच्याची जी अपेक्षा असेल ते सोडून दुसरं काहीतरी वाजवू. त्यामुळे सोलो चढत गेला आणि आता दणका येणार असं वाटलं, की ड्रम एकदम विरतात. शॉर्टर हवेत एकटे. आणि त्या एकटेपणात ते जे वाजवतात ते भरगच्च साथीवर कधीच सुचलं नसतं. माझ्या मते सॅक्सोफोन आणि ड्रमच्या नात्याचं याहून धीट उदाहरण सापडणं कठीण आहे.

हे सगळं नेहमीच गोड नसतं. ड्रमरच्या हातात फार मोठी सत्ता असते आणि ती कडकपणेही वापरली जाते. १९३० च्या दशकातली कॅन्सस सिटीतली एक गोष्ट बेसवादक जीन रॅमी सांगायचे. पोरसवदा चार्ली पार्कर जॅम सेशनमध्ये वाजवता वाजवता वाट चुकला, तेव्हा ड्रमर जो जोन्स यांनी झांज काढून त्याच्या पायाशी टाकली. म्हणजे, उतर खाली. आज कुणी असं करत नाही, आणि करूही नये. सॅक्सोफोनवाला दोन मात्रा पुढे-मागे झाला तर जाणता ड्रमर पुढच्या भागाच्या पहिल्या मात्रेवर एक स्वच्छ झांज देतो. पाहुण्याला दार दाखवावं तशी. तेवढ्यानेही तो सावरला नाही, तर ड्रम आणि बेस दोघं मिळून आपलंच आवर्तन मुकाट्याने दोन मात्रांनी सरकवून घेतात आणि त्याला जाऊन मिळतात. ऐकणाऱ्यांना पत्ता लागत नाही.

मग आवर्तनच काढून टाकलं तर? बारही नाहीत, कॉर्डही नाहीत. २२ फेब्रुवारी १९६७ ला कोल्ट्रेन आणि ड्रमर रशीद अली दोघंच स्टुडिओत गेले. बाकीचे कुठे आहेत असं आपण विचारलं आणि ‘तू आणि मी, दोघंच’ असं उत्तर मिळालं, ही आठवण अली यांनी पुढे सांगितली. त्याच वर्षी १७ जुलैला कोल्ट्रेन गेले, आणि हे संगीत ‘इंटरस्टेलर स्पेस’ या नावाने १९७४ मध्ये बाहेर आलं. त्यात मोजायला काही नाही. तरी दोघं एकमेकांना सोडत नाहीत, कारण श्वास आहे, स्वरांची दाटी आणि विरळपणा आहे, वर जाणं आणि खाली येणं आहे. कोल्ट्रेन दाट झाले की अली कधी त्यांच्याबरोबर दाट होतात, कधी नुसता झांजांचा पडदा धरतात. पुढे सॅक्सोफोन आणि ड्रम एवढ्याच दोघांनी वाजवायचा एक प्रघातच पडला. मॅक्स रोच यांनी सत्तरच्या दशकात आर्ची शेप आणि अँथनी ब्रॅक्स्टन या सॅक्सोफोनवादकांबरोबर असं वाजवलं आहे.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर व्हॅनगार्डमधल्या १९५७ च्या त्या रात्रीपासून करा. पहिल्यांदा ऐकताना सॅक्सोफोन विसरा आणि फक्त झांजेवरचा उजवा हात धरून ठेवा, सुटला तरी परत पकडा. दुसऱ्यांदा फक्त डावा हात आणि बेस ड्रम ऐका. ते किती कमी वेळा बोलतात याचं आश्चर्य वाटेल. तिसऱ्यांदा रोलिन्स ऐका, पण त्यांचे स्वर सोडून त्यांचे श्वास ऐका. ते जिथे थांबतात तिथे काय येतं, आणि जे येतं त्यातलं पुढच्या ओळीत काय उरतं. एखाद्या जागी काहीच येणार नाही. एल्विन जोन्स नुसती झांज चालू ठेवतील आणि ती फट तशीच उघडी सोडतील. ती जागा मागे जाऊन परत ऐका.